काकूंचे पहारेकरी

घर बघायला गेले तेव्हा काकूंनी मला पगार विचारला नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही, कुणी मित्रबित्र घरी येणार का हेही विचारलं नाही. चहाचा कप पुढे सरकवला, समोरच्या खुर्चीत मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "तुला वाट बघता येते का गं?"

मला वाटलं, गिझर उशिरा तापत असेल. मी म्हटलं, येते की. त्यांनी मला जरा निरखून पाहिलं, "बघू," म्हणाल्या आणि वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मी तेव्हा मोहालीतल्या एका आयटी कंपनीत नव्याने लागले होते. नाशिकहून दिल्ली, दिल्लीहून बस, असं करत चंदीगडच्या त्रेचाळीस सेक्टरच्या बसस्टँडवर उतरले, तर आईच्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या या काकू मला न्यायला स्वतः आल्या होत्या. जुनी पांढरी मारुती, अंगात सलवार-कमीज, पायात पळायचे बूट आणि केसांचा घट्ट अंबाडा. गाडी चालवायच्या झकास, पण त्यांची एक खोड होती. चंदीगडला प्रत्येक चौकात मधोमध वळसा घालायचा गोल असतो. काकूंची गोष्ट रंगात आली असेल आणि वळण जवळ येत असेल तर त्या वळायच्या नाहीत, गोलाला आणखी एक फेरी मारायच्या. त्या दिवशी महाराष्ट्र मंडळातल्या एका भांडणाची हकिकत संपेपर्यंत आम्ही एकाच चौकात फिरत राहिलो, आणि कडेला उभा असलेला ट्रॅफिकचा हवालदार आमच्याकडे काळजीने बघत होता.

काकू मूळच्या कऱ्हाडजवळच्या. कर्नलकाकांशी लग्न झाल्यावर सगळा देश पालथा घातला आणि काकांचं शेवटचं पोस्टिंग जवळच्या चंडीमंदिर छावणीत झालं म्हणून इथेच चव्वेचाळीस सेक्टरात घर घेऊन राहिल्या. शेजारणींशी ठसक्यात पंजाबी, भाजीवाल्याशी हिंदी आणि आमच्याशी कऱ्हाडी वळणाचं मराठी, त्यात मधूनच एखादं "यार". इथेच का राहिलात असं विचारलं तर म्हणायच्या, इथले रस्ते सरळ आहेत आणि माणसं मोठ्यानं बोलतात, मला दोन्ही सोसतं.

मोठ्यानं बोलणं त्यांनाही जमायचं, पण त्यांची खरी ख्याती खरं बोलण्याबद्दल होती. मंडळाच्या गणेशोत्सवात एका ब्रिगेडियरसाहेबांनी नाट्यगीत म्हटलं. कार्यक्रम संपल्यावर ते सगळ्यांकडून शाबासकी गोळा करत फिरत होते, ते काकूंपाशीही आले आणि कसं झालं म्हणून विचारलं. काकू अतिशय आदराने म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पोहता फार छान, असं मी ऐकलंय." ब्रिगेडियरसाहेब मोठ्या मनाचे, ते जोरात हसले. पण कर्नलकाकांनी घरी येईपर्यंत कपाळावरचा हात काढला नाही.

तर, वाट बघण्याचा उलगडा मला पहिल्याच शनिवारी झाला. दुपारी काका झोपले की बाहेरच्या खोलीत काकूंची एक बैठक असायची. मोठा टीव्ही, त्याला जोडलेला एक म्हातारा कॉम्प्युटर, समोर वेताची खुर्ची. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, आता नुसतं बघ. टीव्हीवर बर्फ पडत होता. बर्फात एक किल्ला, किल्ल्याच्या भिंतीवर कंदील घेऊन फिरणारे लांब कोटातले पहारेकरी, आणि भिंतीखालच्या सावलीत दबा धरून बसलेली एक हेर बाई. ती हेर बाई म्हणजे काकू. किल्ल्यात शिरायचं, शत्रूचा नकाशा उचलायचा, आणि कुणाच्या नजरेस न पडता बाहेर यायचं, असा तो व्हिडिओ गेम. सावलीत लपा, कपाटात लपा, गवताच्या गाडीत लपा. पहारेकरी आडवा आलाच तर मागून डोक्यात काठी घालून त्याला निजवायची सोय असते. बहुतेक सगळे खेळणारे तीच सोय वापरतात, कारण दहा माणसं झोपवली की किल्ला मोकळा होतो.

काकू काठी वापरत नसत. त्या कपाटात शिरायच्या, दार लावून घ्यायच्या आणि बसून राहायच्या. मी बघते आहे, टीव्हीवर कपाटाच्या फटीतून दिसणारी एक चिंचोळी पट्टी आहे, आणि काकू निवांत शेंगदाणे खात आहेत. मी विचारलं, आपण कशाची वाट बघतोय? त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. इतक्यात बाहेर दोन पहारेकरी येऊन उभे राहिले आणि इंग्रजीत गप्पा मारायला लागले. एकाची दाढ दुखत होती. दुसऱ्याने रजेचा अर्ज केला होता आणि तो कुठेतरी वरच अडकला होता. बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. काकूंनी हे संभाषण कितीदा ऐकलं असेल देव जाणे, पण लग्नाचं वाक्य आलं तशी त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या मान हलवली आणि "अरेरे" म्हणाल्या.

त्यांनी त्या सगळ्यांना नावं दिली होती. दाढदुख्या, रजावाला, गुणगुण्या, आणि जिना चढताना दम लागणारे ते हवालदार अण्णा. अण्णांच्या बाबतीत त्या विशेष हळव्या होत्या. अण्णांच्या पाळीत त्या लांबच्या वाटेने जायच्या, का तर त्यांना चाहूल लागून उगाच जिना चढावा लागू नये.

पुढच्या शनिवारी कंट्रोल माझ्या हातात आला. मी पहिल्याच अंगणात रजावाल्याच्या मागे गेले आणि त्याच्या डोक्यात काठी घातली. मला वाटलं, शाबासकी मिळेल. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि थोड्या वेळाने एकच कप चहा घेऊन परत आल्या. तो त्यांनी माझ्यासमोर बसून सावकाश प्यायला.

"त्याची रजा मंजूर व्हायची आहे अजून," कप खाली ठेवून त्या म्हणाल्या. "आणि तू त्याला मारतीस?"

तोच त्या घरचा नियम होता. काठी मारली की चहा बंद. मी चहाबाज बाई, त्यामुळे लवकरच सुधारले. कपाटात बसायला शिकले, पावलं मोजायला नव्हे, ऐकायला शिकले. आणि खरं सांगते, ऑफिसात दिवसभर सगळ्यांची घाई सोसून आल्यावर, एका चित्रातल्या किल्ल्यात दाढ दुखणाऱ्या माणसाची तक्रार ऐकत बसण्यात जे सुख होतं, ते मला त्या शहरात दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

या खेळाचा नाद त्यांना कसा लागला ते त्यांनी मला हिवाळ्यात गच्चीवर मटार सोलताना सांगितलं. खेळ मुळात त्यांच्या मुलाचा, सनीचा. शाळेत असताना त्याने आणला होता. मग तो कॉलेजला गेला आणि त्याच वर्षी काकांचं पोस्टिंग वर, बर्फातल्या सीमेवर लागलं. तिकडे कुटुंबाला नेता येत नाही. काकू क्वार्टरमध्ये एकट्या. फोन कधी लागायचा, कधी नाही. एक दिवस धूळ पुसता पुसता त्यांनी सनीचा कॉम्प्युटर चालू केला, आणि समोर बर्फ दिसला. बर्फात पहाऱ्यावर उभी असलेली माणसं दिसली. "मी त्यांना कशी मारू सांग," त्या म्हणाल्या. "माझं माणूस तसंच उभं होतं की तिकडं. ती पोरं आपसांत बोलायची, घरचं, जेवणाचं, रजेचं. मला बरं वाटायचं. मनात म्हणायचे, हेही असंच बोलत असतील कुणाशीतरी."

मटार सोलताना त्यांचा हात थांबला नव्हता, पण सालं आणि दाणे त्या एकाच भांड्यात टाकत होत्या. मी ते नंतर निवडले.

कर्नलकाकांना खेळात रस नव्हता, निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. ते त्याला "तुझा तो कार्यक्रम" म्हणत. झोप झाली की त्याच खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसत. पण अधूनमधून पेपराआडून आवाज यायचा. हा सेंट्री चुकीच्या जागी उभा आहे, त्याला फाटक दिसतच नाही. किंवा, या माणसाला इतका वेळ ड्यूटीवर ठेवलंय, रिलीफ कुठे आहे याचा? काकू म्हणायच्या, तुम्ही पेपर वाचा. पान उलटल्याचा आवाज यायचा.

सनी एव्हाना कॅनडात होता. लहानपणी खेळलेला हा खेळ त्याच्या डोक्यातून गेलाच नव्हता, आणि शिकूनसवरून तो नेमका त्या कंपनीत लागला होता जिथे याचा दुसरा भाग तयार होत होता. काम काय, तर पहारेकऱ्यांचं वागणं-बोलणं बसवायचं. चंदीगडात ज्याचं कुणी कॅनडात नाही असं घर सापडणं कठीण, त्यामुळे शेजारच्या आंटींना चौकशीचा हक्कच होता. बेटे की पीआर हो गई, तिकडे कायम राहायचा परवाना मिळाला? करता क्या है उधर? काकू अभिमानाने सांगायच्या, "पहरेदार बनाता है जी." आंटी समजल्यासारखी मान हलवायच्या, सिक्योरिटीच्या लाइनीला तिकडे फार मागणी आहे म्हणायच्या, आणि काकूंनी त्यांचा समज कधी दूर केला नाही.

दुसरा भाग येणार, येणार म्हणता त्याची तारीख पुढे जात राहिली. तारीख पुढे गेली की सनीची रजा रद्द व्हायची. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. काकू तक्रार करत नसत. फौजीच्या बायकोला त्याची सवय असते, म्हणायच्या. पण प्रत्येक वेळी रजा रद्द झाली की त्या दिवशी पहिल्या भागातल्या रजावाल्याजवळच्या कपाटात नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायच्या, हे मी पाहिलं आहे.

शेवटी दुसरा भाग आला. सनीने एका मित्राबरोबर नवीन यंत्र पाठवलं. काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, काकांनी नारळ फोडला, मी वायरी जोडल्या. पेढे गल्लीभर वाटले. सनीने फोनवर सांगितलं होतं की बाहेर लोक काय म्हणतात ते म्हणोत, मला मम्मीचं मत हवंय. हसत सांगितलं, पण त्यात हसण्यासारखं थोडंच होतं. त्याची कैक वर्षं त्यात गेली होती, आणि आपली आई पोहण्याचं कौतुक कधी करते हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं हरखून बघत बसलो. बर्फ असा की काकांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "हा खरा आहे. असाच असतो." कोटाच्या बाहीवर बसलेला कण वितळतानासुद्धा दिसत होता. पहिल्या भागात माणसांचे चेहरे म्हणजे डोळे रेखलेले कणकेचे गोळे. इथे मिशीचा केस न् केस. पहिल्यात हेर बाई जिन्याच्या कठड्याला अडकली की तासभर सुटायची नाही. इथे ती मांजरीसारखी छपरावर चढत होती. काकूंनी सगळ्याला मनापासून दाद दिली. त्या पक्षपाती नव्हत्या.

शिवाय एक नवं बटण होतं. ते दाबलं की भिंतींपलीकडचे सगळे पहारेकरी लाल रंगात चमकायचे. कोण कुठे आहे, कुठे वळणार आहे, सगळं स्वच्छ. काकूंनी ते एकदा दाबलं आणि बोट काढून घेतलं. मग कान देऊन बसायचं कशाला, असं त्यांनी मला विचारलं. त्या आपल्या सवयीने एका कपाटात शिरल्या आणि वाट बघू लागल्या. बाहेर दोघे आले. एक म्हणाला, कोण आहे तिकडे? दुसरा म्हणाला, वारा असेल. दोघे निघून गेले. काकू बसून राहिल्या. दोघे परत आले. कोण आहे तिकडे? वारा असेल.

पुढच्या किल्ल्यातही वाराच होता. तिसऱ्यातही. कुणाची दाढ दुखत नव्हती, कुणाला बहीण नव्हती, कुणी जिन्यावर थांबत नव्हतं. काकूंचे शेंगदाणे वाटीत तसेच राहायला लागले.

मग एका शनिवारी मी बाजारातून परत आले तर खोलीतून ठकाठक आवाज येत होता. दारातून पाहते तर काकू कंट्रोल घट्ट धरून पुढे वाकलेल्या, आणि टीव्हीवर पहारेकरी एकामागून एक आडवे पडत होते. अंगणात चार, जिन्यावर दोन, कोठाराच्या दारावर एक. काकूंच्या चेहऱ्यावर झुरळं मारताना असतो तसा भाव होता. मी हादरलेच. काकू, हे काय, म्हणून विचारलं.

"ही माणसं नव्हेत गं," टीव्हीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "खांब आहेत. खांबाला काय दुखतंय?"

त्या दिवशी चहा मीच केला. नियम त्यांचाच, पण त्यांना तो लावायची माझी हिंमत नव्हती. चहा पिताना त्या म्हणाल्या, हल्लीच्या लग्नातल्या जेवणासारखं झालंय. चाळीस पदार्थ मांडलेत, झगमगाट आहे, सगळं गरम आहे, पण ताटावर वाकून आणखी एक घे म्हणणारं कुणी नाही. पहिल्या भागात वरण पातळ होतं, पण आग्रह होता.

आता पंचाईत अशी की हे सनीला सांगायचं कसं. तो दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करायचा, तिकडची शनिवारची संध्याकाळ. पहिल्या रविवारी काकू म्हणाल्या, अजून खेळतेय. दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, डोळे चुरचुरतात जरा. त्यानंतर त्यांनी त्याला बर्फ कसा बनवता याबद्दल इतके प्रश्न विचारले की वेळ संपला. मी त्यांना आयुष्यात प्रथमच आडवळणाने बोलताना पाहत होते, आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हतं. काका पेपराआडून खाकरायचे. सनी पडद्यावर हळूहळू गप्प होत चालला होता.

एक दिवस मी ऑफिसात असताना त्याने मला फोन केला. असा कधी करत नसे. म्हणाला, "यार, मम्मी कुछ बोल ही नहीं रही. बुरा है तो बुरा बोले ना. तिने ब्रिगेडियर अंकलला पण बोललं होतं. मला नाही बोलत, मतलब इतना बुरा है?"

मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं आणि घरी जाऊन काकूंना सुनावलं. म्हटलं, एकदा चांगला आहे म्हणून टाका ना, त्याचा जीव टांगणीला लागलाय. तुमचं काय जाणार आहे?

काकू कणीक मळत होत्या. हात धुऊन बाहेर आल्या, माझ्यासमोर बसल्या. "खोटं बोलायचं तर परक्याशी बोलावं," त्या म्हणाल्या. "पोराशी एकदा खोटं बोलले, तर पुढं मी खरंच चांगलं म्हटलेलं त्याला कसं कळायचं?"

त्यांना भीती वाटत होती. ते त्यांच्या चेहऱ्यावर इतकं उघड होतं की मला माझ्या सुनावण्याचा पश्चात्ताप झाला. मुलगा लांब, दोन वर्षं भेट नाही, आणि जे एक तो आईसमोर ठेवतोय ते आईला आवडलेलं नाही.

रविवार उजाडला. काकूंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून टीव्हीसमोरच्या टेबलावर उभा केला. काका कोपऱ्यात पेपर घेऊन बसले, मी दारात. सनीचा चेहरा दिसला तसं काकूंनी त्याला जेवलास का विचारलं, आणि मग एका दमात सुरुवात केली. आधी बर्फ, मग कोट, मग छप्परं, मग तो मांजरीसारखा चढण्याचा प्रकार. जे चांगलं होतं ते सगळं एकेक करून सांगितलं. सनी ऐकत होता. चांगलं संपल्यावर काकूंनी श्वास घेतला.

"पण सनी, तुझी माणसं बोलत का नाहीत रे? मला पहिला भागच आवडतो."

पेपराचं पानही हललं नाही. मग सनी हसला, आणि मला वाटतं ते हसणं सुटकेचं होतं. तो सांगायला लागला. त्याने पुष्कळ लिहिलं होतं. आचारी, जावई, उधारी, दुखणी, घरची पत्रं. पण कंपनीने लोकांना खेळायला देऊन पाहिलं तर खेळणारे थांबतच नाहीत. लाल बटण दाबतात, काठी घालतात, पुढे जातात. कुणी ऐकत नाही ते ठेवायचं कशाला, म्हणून सगळं गाळलं. एक सोडून.

"एक कोण?" काकूंनी विचारलं.

"कोठाराच्या दारावरचा. त्याचं काढायचं राहून गेलं, और मैंने भी याद नहीं दिलाया." सनी जरा पुढे वाकला. "तुला भेटला नाही तो? I was waiting. रोज वाट बघत होतो, मम्मी कधी म्हणेल म्हणून."

काकूंचा चेहरा पडला. त्या माझ्याकडे बघू लागल्या, मी जमिनीकडे.

"मी पाडलं त्याला," त्या हळूच म्हणाल्या.

"तू?"

"तोंडच उघडत नव्हता."

सनीला हसू आवरेना. खुर्चीतून उठला, पडद्याबाहेर गेला, परत आला, पुन्हा हसला. आपल्या आईने काठी वापरली हे त्याला खरंच वाटत नव्हतं. मग हसता हसताच तो म्हणाला, "तो लगेच नाही बोलत, मम्मी. उसको टाइम लगता है. मला वाटलं होतं, दुनिया में कोई नहीं रुकेगा, पण तू थांबशील."

काकूंनी कंट्रोल उचलला. सनीला फोनवरून जाऊ दिलं नाही, तसाच डब्याला टेकवून ठेवला. मोहीम पहिल्यापासून लावली. लाल बटणाला हात नाही, काठीला हात नाही. अंगणातल्या चौघांच्या पाठीमागून, जिन्यावरच्या दोघांच्या खालून, अगदी सावकाश, त्या कोठारापर्यंत आल्या आणि धान्याच्या पोत्यांमागे बसल्या. दारात तो उभा होता. पाय आपटत होता, हातांवर फुंकर घालत होता. आम्ही बसलो. बर्फ पडत होता. गल्लीत भाजीवाला ओरडून गेला. शेजारच्या आंटींच्या कुकरची शिट्टी झाली. तो पहारेकरी एकदा खोकला, आणि मला वाटलं आता बोलेल, तर पुन्हा गप्प. काकू हलल्या नाहीत.

मग लांबून एक कंदील आला. त्याची पाळी बदलायला दुसरा पहारेकरी येत होता. कोपऱ्यातून काका पुटपुटले, रिलीफ आला. दारातल्याने बंदूक खांद्यावरून उतरवली आणि बोलायला लागला. इंग्रजीत बोलत होता, साधं, तुटक. रजा मंजूर झाली, म्हणाला. घरी कळवलं नाही. आईला कळवलं की ती रस्त्यावर येऊन उभी राहते, आणि थंडीत तिचे गुडघे धरतात. त्यापेक्षा आपण सरळ दारात जाऊन उभं राहावं. दुसरा म्हणाला, मग निघ की. पहिल्याने कोटाची कॉलर वर केली आणि तो बर्फातून चालत, किल्ल्याच्या फाटकाबाहेर निघून गेला. कोठाराचं दार क्षणभर मोकळं होतं. नकाशा आतच होता. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. त्या त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

"पहिल्या भागात असा एकही नव्हता," त्या शेवटी म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "खेळ मला पहिलाच आवडतो. पण याच्यासारखा तिथं कुणी नाही."

सनी फोनवर दुसरीकडेच कुठेतरी बघत होता, नाक ओढत होता. काकूंनी डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं.

"सनी. ही रजा कुणाची रे?"

"लिहिलं तेव्हा उसी की थी," तो म्हणाला. "माझी परवा मंजूर झाली. तू त्याचं ऐकलंस की मग सांगणार होतो."

काकूंच्या हातातला कंट्रोल मांडीवर आला. मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी उगाच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कोपऱ्यातलं वर्तमानपत्र केव्हाच खाली गेलं होतं. कर्नलकाका उठून आले, टेबलाजवळ ताठ उभे राहिले, आणि साखरेच्या डब्याला टेकलेल्या मुलाकडे बघत त्यांनी फौजी माणूस रजेबद्दल विचारतो तो एकच प्रश्न विचारला.

"किती दिवसांची?"